बैसाणे अक्का आणि विलासचं मॉड्यूल

गेल्या आठवड्यात आमच्या घरची लाइट सारखी जायला लागली. मेन स्विच वर करावा, थोडा वेळ बरं चालावं, की पुन्हा खटकन खाली. बायको वायरमनला फोन लावत होती, तोवर मी घरभर फिरून फ्रिज, टीव्ही, मिक्सर, मोटर, जे जे भिंतीला चिकटलेलं होतं ते सगळं उपटून ठेवलं. मग एकेक लावत गेलो आणि दरवेळी तिला ओरडून विचारत गेलो, "आहे का?" ती आतून म्हणाली, "आहे. आणि अक्का अंगात आल्यात तेही कळलं." शेवटी गीझर लावला आणि लाइट गेली. चोर सापडला, माझी छाती फुगली, आणि मग थंड पाण्याची बादली पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा अक्कांची इतकी आठवण आली की तांब्या हातात धरून तसाच बसून राहिलो.

अक्का म्हणजे मंदाकिनी बैसाणे. आमच्या जळगावच्या ऑफिसात त्या सर्व्हर सांभाळायच्या. ऑफिस म्हणजे पुखराज शेठच्या भांड्याच्या दुकानाचा वरचा मजला. खाली डबे, पातेली, परातींच्या थप्प्या आणि वर आम्ही काही जण, आमचे संगणक आणि काचेच्या खोलीत घोंघावणारा तो सर्व्हर. शाळांच्या वेबसाइट, केळीचे भाव, मंगल कार्यालयांच्या तारखा, असं निम्म्या जिल्ह्याचं काहीबाही त्याच्यावर चालायचं. अक्का ठेंगण्या, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. सकाळी जिना चढण्याआधी त्या दुकानात डोकावून "जय भीम, शेठ" म्हणायच्या, गादीवरून शेठ "जय जिनेंद्र, अक्का" म्हणायचे, आणि एवढं झाल्याशिवाय वरचं ऑफिस उघडायचं नाही. शेठ वयानं अक्कांपेक्षा चांगले मोठे. पण सगळा बाजार त्यांना अक्का म्हणायचा, म्हणून शेठही म्हणायचे.

मी धुळ्याचा, आणि धुळ्याच्या माणसाला दम नसतो असं अक्कांचं मत. ते माझ्यामुळे झालं होतं की आधीपासून होतं, हे मी कधी विचारलं नाही. रुजू झालो त्याच आठवड्यात सर्व्हर पडला. मी चपळाईनं तो पुन्हा चालू केला आणि शाबासकीसाठी वळून बघितलं. अक्का म्हणाल्या, "उठवलंस ते बरं केलंस. पण पडला का, ते विचारलंस का त्याला?" तेव्हापासून मी ऑफिसात 'रीस्टार्टवाला' झालो. अजूनही जुने लोक त्याच नावानं हाक मारतात, आणि मी ओ देतो.

त्यांची पद्धत एकच. सर्व्हर म्हणजे एक वस्तू नव्हे. त्याच्या आत छोटे छोटे भाग असतात, मॉड्यूल म्हणतात त्यांना. कुणी फोटो पोचवतं, कुणी पासवर्ड तपासतं, कुणी पानं लहान करून पाठवतं. सर्व्हर पडायला लागला की अक्का आधी सगळी मॉड्यूलं बंद करायच्या, मग एकेक लावायच्या आणि वाट बघायच्या. वाट बघणं हा त्यातला मोठा भाग. त्या वेळात त्या शेंगा सोलायच्या, नाहीतर आम्हाला दीपनगरच्या गोष्टी सांगायच्या.

त्यांचे वडील मूळचे शिंदखेड्याकडचे, पण नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, म्हणून अक्कांचं बालपण तिथल्या कॉलनीत गेलं. गंमत अशी की जिथे वीज तयार व्हायची त्याच कॉलनीत एखाद्या ओळीतली लाइट जायची. मग वडील घराघरांत जाऊन सगळ्यांचे स्विच पाडायला लावायचे आणि एका टोकापासून एकेक घर जोडत निघायचे. परकरातल्या अक्का दुसऱ्या टोकाला उभ्या. वडिलांनी ओरडायचं, "आली का?" आणि अक्कांनी ओरडायचं, "आली!" ज्या घराला लाइट गेली त्या घरात चोरून लावलेली शेगडी सापडायची. वडील तिथे एक शब्द बोलायचे नाहीत. शेगडी काढायला लावायचे, त्याच घरी चहा घ्यायचे आणि पुढच्या घराकडे निघायचे. अक्का वाक्य सांगायच्या ते वडिलांच्याच बोलीत, "पहिले बठ्ठं बंद करा, मंग एकेक लावा." आई लवकर गेली होती, त्यामुळे धाकट्या विलासला कडेवर घेऊन त्या ओळीच्या टोकाला उभ्या राहायच्या. पोराला पहिला शब्द आला तो "आली", असं त्या सांगायच्या. यातलं खरं किती आणि बहिणीचं कौतुक किती, देव जाणे.

ही पद्धत त्या माणसांनाही लावायच्या. एकदा पुखराज शेठच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. डॉक्टर झाले, मलमं झाली, शेठ गादीवर बसल्या बसल्या खाजवून हैराण. अक्का म्हणाल्या, "शेठ, सगळं खाणं बंद. नुसता भात आणि मुगाचं पाणी. मग मी सांगेन तसा एकेक पदार्थ वाढवा." शेठनी मोठ्या मनानं ऐकलं. दूध वाढवलं, गांधी उठल्या. दूध बंद करून गहू घेतला, गांधी उठल्या. तुरीची डाळ, पुन्हा तेच. ज्याला हात लावावा तो चोर निघायला लागला तेव्हा अक्कांना संशय आला. एका दुपारी त्या न सांगता दुकानात उतरल्या, आणि गादीच्या आडोशाला शेठ एका डब्यातून बकाणे भरताना सापडले. डब्यात लाल तिखट शेव.

"शेठ, हे काय?"

शेठ खरोखरच गोंधळले. "अक्का, शेव खाण्यात कुठे येते? ती तर आपली अशीच."

अक्का हसता हसता जिन्याच्या पायरीवर बसल्या. शेठ लबाडी करत नव्हते. जन्मापासून शेव त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती त्यांनी कधी धरलीच नव्हती. शेव सुटली, गांधी गेल्या, शेठ बरे झाले आणि थोडे उदास झाले. आमच्या ऑफिसात मात्र तेव्हापासून एक वाक्य रूढ झालं. कुणाच्या तपासणीतून काही सुटलं की आम्ही म्हणायचो, "शेव राहिली."

आता विलासबद्दल सांगायला हवं. अक्कांनी वाढवलेला हा भाऊ इंजिनिअर झाला आणि आमच्याच ऑफिसात आला. माझ्या आधी. मी त्याला पाहिलेलं नाही. कॉलेजात असतानाच त्यानं मित्रांना घेऊन रक्तदात्यांचं एक पान केलं होतं. कुणाला रक्त लागलं की पान उघडायचं, गट बघायचा आणि थेट दात्याला फोन करायचा. ती सगळी नावं त्यानं त्या काळच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. तो फॉन्ट नुसता दिसायला मराठी, आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि खुणा. पुढे मोबाइल आले, त्यांना तो फॉन्ट कळेना, नावांच्या जागी नुसता कचरा दिसायला लागला. तेव्हा विलासनं स्वतः एक मॉड्यूल लिहिलं. कुणी पान मागितलं की ते जाता जाता जुनी अक्षरं खऱ्या मराठीत बदलून द्यायचं. पोरगं हुशार होतं. आणि पुढे पारोळ्याजवळ मोटरसायकलच्या अपघातात ते गेलं.

त्याचं मॉड्यूल चालत राहिलं. दात्यांच्या यादीत त्याचं स्वतःचं नाव होतं, विलास बैसाणे, गट बी निगेटिव्ह, तेही अक्कांनी काढलं नाही. त्याचा नंबरही तोच ठेवला. अक्कांच्या पिशवीत दोन फोन असायचे, एक त्यांचा आणि एक विलासचा, बटणांचा. बी निगेटिव्ह मिळणं अवघड, त्यामुळे तो फोन वाजायचा. अक्का तो उचलायच्या, विलास बाहेर गेलाय म्हणायच्या, कुठला दवाखाना ते विचारून घ्यायच्या आणि मग ओळखीपाळखीतून दुसरा दाता शोधून देईपर्यंत खाली बसायच्या नाहीत. नवखा होतो तेव्हा एकदा मी म्हणालो, की नाव काढलं तर लोकांचा एक फोन वाचेल. अक्का रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला फोन लावलेला एकही माणूस रिकाम्या हातानं गेला नाही रे. मग कशाला काढू?"

पावसाळा सरत आला होता आणि जिल्ह्यात डेंग्यूची साथ होती, तेव्हा सर्व्हर पडायला लागला. आधी दिवसातून एखाद्या वेळी, मग कधीही. रक्ताचं पान तर या दिवसांत सगळ्यात जास्त उघडलं जायचं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून लोक फोन करायचे, पान उघडत नाही, काय करू. आम्ही एकीकडे सर्व्हर उठवायचो आणि दुसरीकडे तोंडी नंबर सांगायचो. अक्कांनी बूट घट्ट बांधले आणि सगळी मॉड्यूलं बंद केली. मग एकेक लावलं. फोटोचं लावलं, सर्व्हर पडला. ते काढून पासवर्डचं लावलं, पडला. तेही काढलं, पानं लहान करणारं लावलं, तरी पडला. दोनतीन दिवसांत आमच्याकडे एकही मॉड्यूल निर्दोष राहिलं नाही.

मला दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं. 'सगळं बंद' म्हणताना अक्का एक मॉड्यूल चालूच ठेवत होत्या. कारण रास्तही होतं, कारण ते बंद केलं तर नावं वाचता येणार नव्हती, आणि साथीच्या दिवसांत नावं जायला नको होती. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ते बंद झालं की पडद्यावरचं विलासचं नावही मोडणार होतं. शिवाय चूक त्यात निघाली तर? ऑफिसात कुणाची बोलायची छाती होईना. माझी तर नाहीच. मी आपला रीस्टार्ट करत राहिलो.

दुपारी शेठ जिना चढून वर आले. ते सहसा वर येत नसत, गुडघे दुखायचे. धापा टाकत अक्कांच्या टेबलाशी उभे राहिले आणि पडद्याकडे न बघता हळूच म्हणाले, "अक्का, शेव राहिली असेल."

त्या वाक्यावर एरवी ऑफिस हसायचं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "हो शेठ," त्या म्हणाल्या, "राहिली खरी." शेठ तिथेच स्टुलावर बसले. अक्कांनी विलासचं मॉड्यूल बंद केलं आणि बाकीची सगळी एकदम चालू केली.

सर्व्हर पडला नाही. संध्याकाळपर्यंत नाही, रात्रभर नाही. पान उघडत होतं, गट दिसत होते, नंबर दिसत होते, आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा गाळ होता. अक्का सकाळी आल्या, यादी खाली सरकवत बी निगेटिव्हपाशी थांबल्या आणि त्या गाळाच्या एका ओळीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चल. आता विचारू त्याला, पडला का."

चूक शोधायची तर सर्व्हर पुन्हा पाडावा लागणार होता. अक्कांनी तो अशा रीतीनं चालू केला की पडेल त्या क्षणी नेमका कुठल्या ओळीवर उभा होता ते कळावं. पण पडायला काही निमित्त हवं. अक्कांनी पडण्याच्या वेळा आणि त्या वेळी कुणी काय पाठवलं ते समोरासमोर ठेवून बघितलं. त्या पानाखाली लोक आभार मानत. रक्त मिळालं, पोरगं वाचलं, देवासारखे धावून आलात. हल्ली लोक आभाराच्या शेवटी मोबाइलवरचे ते जोडलेले हात टाकतात, एक टाकून भागत नाही, ओळीनं टाकतात. अक्कांनी आम्हाला सगळ्यांना तसे हात पाठवायला सांगितले. मी पाठवले, काही झालं नाही. बाकीच्यांनी पाठवले. खालून शेठनी अख्खी रांग पाठवली आणि सर्व्हर कोसळला.

विलासचं मॉड्यूल, आणि त्यातली एक ओळ. मराठीचं एक अक्षर साठवायला संगणकाला तीन घरं लागतात. विलासनं प्रत्येक अक्षरासाठी तीनच घरं राखून ठेवली होती. ते जोडलेले हात चार घरं मागतात. त्यानं लिहिलं तेव्हा असले हात कुणाच्या फोनात नव्हते, त्याला कळणार कसं? एकदोन जणांनी हात जोडले तर खपून जायचं. पुष्कळ जणांनी एकदम आभार मानले की त्याची जागा फुटायची आणि अख्खा सर्व्हर खाली यायचा.

त्या ओळीच्या वर विलासनं गमतीनं अहिराणीत एक टीप टाकून ठेवली होती. अशा टिपा संगणक वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. अक्कांना ती पाठ होती, तरी त्यांनी मोठ्यानं वाचली. "आठे हात नको लावू, अक्का." आठे म्हणजे इथे.

आणि त्या रडल्या. लपवून नाही, तोंड फिरवून नाही. रडता रडताच त्या म्हणाल्या, "लाडाचा होता ना. सगळ्यांची झडती घेतली, याला कोणी विचारलंच नाही. मीच नाही विचारलं." मग नाक ओढून, अगदी घरच्या आवाजात, "तीन धरलेत रे तू, विलास. चार लागतात." तीनाचे चार केले, मॉड्यूल लावलं. टीप तशीच राहू दिली. नावं परत आली. शेठला सांगितलं की पुन्हा हात पाठवा, आणि शेठनी इतके पाठवले की पान भरून गेलं, पण सर्व्हर हलला नाही.

पुढे अक्का निवृत्त व्हायच्या वेळी आम्ही नवा सर्व्हर घेतला. त्याच्यावर जुनी मॉड्यूलं चालणार नव्हती. यादीतली सगळी नावं एकदाच खऱ्या मराठीत बदलून ठेवली की विलासच्या मॉड्यूलची गरज संपणार होती. हे मी बोलायच्या आधी अक्काच बोलल्या. बदलण्याचं काम त्यांनी स्वतः केलं, एकेक नाव डोळ्यांखालून घातलं. शेवटच्या दिवशी त्या काचेच्या खोलीत गेल्या आणि मला बाहेर, पडद्यासमोर बसवलं. आतून त्यांनी विलासचं मॉड्यूल काढलं, या वेळी कायमचं, आणि दारातून विचारलं, "आली का रे नावं?"

"आली, अक्का."

"बठ्ठी?"

"सगळी."

मग विचारलं, "विलासचं?"

बी निगेटिव्हपाशी स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं, विलास बैसाणे. मी म्हणालो, "आलं, अक्का." माझा आवाज फुटला आणि त्यांनी तो ऐकला, पण चिडवलं नाही. बाहेर येऊन त्यांनी नाव स्वतः बघितलं, मान हलवली आणि चहा सांगायला खाली गेल्या.

त्या शिंदखेड्याला राहायला गेल्या आणि दोन उन्हाळ्यांनंतर तिथेच वारल्या. बटणांचा तो फोन त्यांच्या नात्यातल्या एका मुलीनं आणून दिला, तो आता माझ्या टेबलावर असतो. वाजला की मी उचलतो. विलास बाहेर गेलाय म्हणतो, आणि मग दाता मिळेपर्यंत मलाही खाली बसवत नाही.

मी अक्कांना शेवटचं पाहिलं ते त्या निवृत्तीच्या संध्याकाळी, जळगावच्या स्टँडवर. शेठनी दिलेली पातेल्यांची खोकी वर चढवून मी खाली उतरलो. त्या शिंदखेड्याच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवलेला. निरोपाचं काहीतरी बोलायचं म्हणून मी खिडकीखाली उभा राहिलो, तेवढ्यात पिशवीतला तो फोन वाजला. त्यांनी मला हातानं थांब म्हणून खूण केली आणि फोन कानाला लावला. पलीकडे कुणी खेड्यातलं माणूस असावं, कारण अक्का अहिराणीत बोलायला लागल्या. "विलास बाहेर गयेल शे. मी त्यानी अक्का बोलस. घाबरू नका, कोणता दवाखाना ते सांगा." गाडी निघाली. खिडकीतून त्यांचा हात तसाच माझ्याकडे थांब म्हणत राहिला, आणि मी थांबलो.